व्हॉल्व्ह रेडिओचा बिघडलेला आवाज : प्रस्तावना

व्हॉल्व्हचे रेडिओ अजून पुष्कळ घरांत आहेत. काही माळ्यावर पडून आहेत, काही पॉलिश करून दिवाणखान्यात मांडलेले आहेत, तर काही मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून कुणी हौसेने उचलून आणलेले आहेत. यांतला जो अगदीच मुका झाला, त्याला निदान कुणीतरी कारागिराकडे नेतो. पण जो लागतो, स्टेशन पकडतो आणि तरीही घोगरा, फाटका, चोंदलेला किंवा सतत घुमणारा आवाज काढतो, त्याच्या वाट्याला एक ठरलेले वाक्य येते : जुनाच आहे, असाच वाजायचा.

ते वाक्य खरे नाही, हे दाखवण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत. व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज सबंध रेडिओ म्हातारा झाला म्हणून बिघडत नाही. त्याच्या पोटातले काही ठरावीक भाग वयाने खराब होतात आणि त्यांतला प्रत्येक भाग आपापल्या पद्धतीने आवाज बिघडवतो. त्यामुळे बिघडलेला आवाज नीट ऐकला तर तो बहुतेक वेळा बिघाडाचा पत्ताच सांगतो. मुक्या रेडिओत दोष शोधणे एका अर्थी अधिक कठीण, कारण तिथे ऐकण्यासारखे काही उरलेले नसते.

वाचकांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेले असावे अशी अपेक्षा नाही. ओहमचा नियम ठाऊक असावा, मल्टिमीटर हाताळता यावा, सोल्डरिंगची थोडी सवय असावी, इतके पुरे. खरे भांडवल कानाचे आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे गाणे ऐकले आहे, ज्यांना तंबोरा उतरलेला लगेच कळतो, त्यांची या कामातली अर्धी तयारी आधीच झालेली असते.

हा विषय मराठी वाचकाला परका वाटू नये, याला कारण आहे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये निघाले आणि पुण्याचे १९५३ मध्ये. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, पुढे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हही बनवले. ट्रान्झिस्टर घरोघरी पोचायला मात्र साठचे दशक उजाडावे लागले. म्हणजे १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायणातले नवे गीत लागत होते, तेव्हा महाराष्ट्राने ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकले. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली आज कुठेही ऐकायला मिळतात. त्या ज्या आवाजात घरात शिरल्या तो आवाज ऐकायचा असेल तर त्या काळचा रेडिओ त्या काळच्यासारखा वाजला पाहिजे. जुने खोके चकचकीत करणे हे जतन आहेच, पण रेडिओचे जतन त्याच्या आवाजाशिवाय पुरे होत नाही, असे मला मनापासून वाटते.

मग चांगला आवाज म्हणजे कोणता? हा प्रश्न आधी सोडवलेला बरा, नाहीतर निरोगी रेडिओलाही आजारी ठरवले जाते. पन्नास-साठच्या दशकातल्या मध्यम आकाराच्या रेडिओत आउटपुटला ईएल ८४सारखा एकच व्हॉल्व्ह असतो. तो फार तर पाच वॅटच्या आसपास शक्ती देतो, आणि घरात ऐकायला त्यातली एक वॅटसुद्धा भरपूर होते. मध्यम लहरीवर मधल्या कंपनसंख्येच्या (आयएफ) ट्रान्सफॉर्मरांतून साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे स्वर फारसे पुढे जातच नाहीत. त्यामुळे झांजेची चकाकी किंवा सतारीच्या तारेची धार या रेडिओकडून मागू नये. त्याच्याकडून मागावे ते हे : माणसाचा आवाज भरदार आणि स्पष्ट, शब्दन् शब्द वेगळा, लाकडी खोक्यामुळे खर्जाला आलेली ऊब, आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत शांतता. बातम्या देणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ ओळखता आला पाहिजे आणि आवाज वाढवला तरी तो फाटता कामा नये. एवढे मिळाले म्हणजे रेडिओ बरा आहे.

आता रेडिओच्या आतली वाट थोडक्यात पाहू. एरियलकडून आलेली लहर पहिल्या व्हॉल्व्हात, म्हणजे बहुधा ईसीएच ८१ मध्ये, ४५५ किलोहर्ट्झच्या जवळपासच्या एका ठरावीक ‘मधल्या’ कंपनसंख्येवर उतरवली जाते. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेली ही सुपरहेटरोडाइनची युक्ती. पुढचा व्हॉल्व्ह ती लहर वाढवतो, डायोड तिच्यातून आवाज वेगळा काढतो, एक लहान ट्रायोड त्या आवाजाला उचलतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतो. पाचवा व्हॉल्व्ह या सगळ्यांना डीसी पुरवतो. आवाजाच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा डायोडनंतरच्या अर्ध्या वाटेवर आणि वीज पुरवणाऱ्या भागात सापडतात. नवशिक्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय, कारण रेडिओतला नाजूक आणि अवघड भाग पहिल्या अर्ध्यात आहे.

आत हात घालण्याआधी सुरक्षेचे चार शब्द, आणि इथे वाचकांनी घाई करू नये. चासीवरच्या भागांत अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असते आणि रेडिओ बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते काही काळ राहते. काही हजार ओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात लावावा. त्याहून धोक्याचा प्रकार एसी/डीसी रेडिओंचा. ज्यात मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही आणि ज्याच्या व्हॉल्व्हांची नावे ‘यू’ने सुरू होतात, किंवा बारा, पस्तीस, पन्नास अशा आकड्यांनी, त्याची चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. गुंडीचा बारीक स्क्रूसुद्धा तिथे झटका देऊ शकतो. असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालवू नये, आणि पहिला रेडिओ म्हणून तर निवडूच नये.

वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ एकदम पूर्ण मेन्सवर लावू नका. जुन्या दुकानांतला सिरीज बोर्ड इथे अजूनही उत्तम काम देतो. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब रेडिओच्या सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही, लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पाठीमागे व्होल्टेज निवडण्याची पट्टी असते तीही तपासावी. २२० वर ठेवलेल्या रेडिओला घरात २४० मिळत असेल तर व्हॉल्व्हांचे हीटर आणि कंडेन्सर विनाकारण ताणले जातात.

रेडिओ लागला की लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी ऐका. आवाजाची गुंडी पूर्ण खाली आणून ऐका, मग वर नेऊन ऐका. स्टेशनवर ऐका, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत ऐका. गार असताना आणि अर्ध्या तासाने तापल्यावर ऐका. या साध्या फेरीतून दोष रेडिओच्या कोणत्या भागात आहे हे बरेचसे कळते. गुंडी खाली केल्यावर आवाजातला दोष नाहीसा झाला तर तो गुंडीच्या आधी आहे, तसाच राहिला तर तिच्या नंतर किंवा वीजपुरवठ्यात.

घुमण्याचे उदाहरण घेऊ. मेन्सची कंपनसंख्या ५० हर्ट्झ. ईझेड ८० सारखा रेक्टिफायर लहरीचे दोन्ही अर्ध वापरतो, म्हणून फिल्टर कंडेन्सर वाळले की स्पीकरमधून १०० हर्ट्झचा सूर येतो. पेटी वाजवणाऱ्यांना तो सहज सापडेल : मध्य सप्तकातली पांढरी पाच ३९२ हर्ट्झची, तिच्या दोन सप्तके खाली, किंचित चढा. रेडिओ त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झवर घुमत असेल तर फिल्टर कंडेन्सर बदलून काही साधणार नाही. तिथे एखाद्या व्हॉल्व्हाच्या हीटर आणि कॅथोडमध्ये गळती असते, किंवा ग्रिडकडे जाणारी तार मेन्सच्या तारेजवळ सरकलेली असते. म्हणजे नुसत्या सप्तकाच्या फरकावरून तुम्ही रेडिओच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांकडे वळता. एसी/डीसी रेडिओत मात्र लहरीचा एकच अर्ध वापरतात, त्यामुळे तिथे दोन्ही दोष ५० वरच बोलतात आणि कानाला मीटरची मदत घ्यावी लागते. गुणगुण फक्त स्टेशन लागल्यावरच येत असेल तर तो तिसरा प्रकार. त्याचे मूळ मेन्समधून रेडिओ-लहरींच्या भागात शिरणाऱ्या उपद्रवात असते आणि बहुधा मेन्सकडचा एक छोटा कंडेन्सर त्याला जबाबदार असतो.

फिल्टर कंडेन्सर बदलताना मोठा तो चांगला या समजुतीने दुप्पट-चौपट मापाचा बसवला जातो. ईझेड ८० च्या लगेच पुढच्या कंडेन्सरला साधारण ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. ती ओलांडली की रेडिओ सुरू होताना रेक्टिफायरवर एकदम भार येतो. मूळ मापाचे मोल इथे फार आहे.

आता ज्या एका भागासाठी मी वाचकांचा थोडा अधिक वेळ मागतो, तो भाग म्हणजे कपलिंग कंडेन्सर. ट्रायोडच्या प्लेटकडून आउटपुट व्हॉल्व्हाच्या ग्रिडकडे आवाज नेणारा, ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, मेणात बुडवलेल्या कागदाचा लहानसा कंडेन्सर. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचे, एवढेच त्याचे काम. पण कागद ओल धरतो, आणि कोकणपट्टीत तर जास्तच. मग तो डीसीची थोडीशी गळती सुरू करतो. ‘थोडीशी’ म्हणजे किती, ते पाहा. प्लेटवर १०० व्होल्ट आहेत आणि ग्रिडकडून जमिनीला ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. कंडेन्सरची गळती १० मेगओहम धरली तर ग्रिडवर सुमारे साडेचार व्होल्ट चढतात. ईएल ८४ ला नीट काम करायला ग्रिड कॅथोडपेक्षा सात व्होल्टांच्या आसपास खाली हवे असते. ते साडेचार व्होल्टांनी वर ढकलले गेले की व्हॉल्व्हातून प्रमाणाबाहेर करंट वाहतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोघेही तापतात. तापल्यावर कंडेन्सर आणखी गळतो, म्हणून असा रेडिओ सुरुवातीची दहा मिनिटे गोड वाजतो आणि मग घोगरा होत जातो. कानाने ओळखायची खूण हीच.

यातली मेख अशी की साध्या मल्टिमीटरने ओहम मोजताना १० मेगओहम म्हणजे जवळजवळ ‘ओपन’ दिसते आणि कंडेन्सर निर्दोष सुटतो. मीटर काही व्होल्टांवर मोजतो, रेडिओत त्या कंडेन्सरवर शंभर व्होल्ट असतात, आणि बरेच कागदी कंडेन्सर त्या दाबाखालीच गळायला लागतात. म्हणून तो चालू रेडिओत, आउटपुट व्हॉल्व्हाच्या ग्रिडवर डीसी मोजून तपासावा. तिथे जवळजवळ शून्य असायला हवे. धन व्होल्टेज दिसले तर रेडिओ बंद करून, फिल्टर कंडेन्सर उतरवून या कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज गेले तर दोष कंडेन्सरचा, राहिले तर व्हॉल्व्हाच्या आतली निर्वात जागा आता निर्वात उरलेली नाही. नवा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर अगदी स्वस्तात मिळतो आणि तो वेळेवर बदलला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरसारखी मिळायला कठीण वस्तू वाचते. सगळ्या रेडिओत मला एकच भाग बदलायची परवानगी असती तर मी हा बदलला असता.

बाकीच्या तक्रारींचा धावता परिचय इथे देतो, तपशील त्या त्या प्रकरणात आहे. आवाज लहान आणि चिरका झाला असेल तर ट्रायोडच्या प्लेटचा रेझिस्टन्स पाहावा. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात आणि २२० किलोओहमचा पाचशेच्या पुढे गेलेला सापडतो. आवाजात जोर नाही पण तो स्वच्छ आहे, तर आउटपुट व्हॉल्व्हाच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वाळलेला असू शकतो. लांबचे स्टेशन साफ आणि जवळचे मात्र फाटके, ही तक्रार ऐकली की एव्हीसीच्या, म्हणजे आवाज आपोआप सांभाळणाऱ्या भागाच्या, कंडेन्सरकडे जावे, कारण जोरदार लहरीला आवर घालणारे व्होल्टेज तिथे गळून जाते. गुंडी फिरवताना खरखर येणे हा गुंडीच्या कार्बनपट्टीचा दोष. फक्त खर्जाच्या सुरांवर घरघर असेल तर स्पीकरचा कागदी कोन फाटला आहे किंवा व्हॉइस कॉइल घासते आहे. रेडिओ बंद ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच आत दाबून पाहा, घासत असेल तर बोटांना कळते. झुरळांनी आणि उंदरांनी कोन कुरतडणे हे आपल्याकडे नित्याचेच. फाटलेल्या जागी पातळ कागद आणि पातळ केलेला डिंक लावला तरी पुष्कळ काम होते. शॉर्ट वेव्हवर आवाज वाढवताच रेडिओ कोकलू लागतो, त्याचे कारण अनेकदा अगदी अनपेक्षित ठिकाणी निघते. स्टेशन लावणारा गँग कंडेन्सर ज्या रबरी चकत्यांवर बसवलेला असतो त्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात, मग स्पीकरची थरथर गँगच्या पात्यांपर्यंत पोचते आणि चक्र सुरू होते.

एक सोपी कसोटी मात्र इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे शोधाचे क्षेत्र एका फटक्यात निम्मे होते. बऱ्याच रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोन पिकअपसाठी दोन भोके असतात. रेडिओ ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर, आणि तरच, बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलमधून तिथे गाणे सोडा. गाणे नीट वाजले तर डायोडनंतरचा सगळा भाग निर्दोष आहे. तिथेही आवाज फाटत असेल तर एरियलकडच्या अर्ध्या भागाकडे पाहायचेच नाही.

आणखी एक गोष्ट आजच्या काळातली. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांनी मध्यम लहर भरून टाकली आहे. तुमच्या रेडिओत सतत खरखर किंवा भुणभुण असेल तर सेलवरचा एखादा लहान रेडिओ त्याच्याशेजारी ठेवून त्याच जागी लावा. तोही तसाच खरखरत असेल तर घरातले चार्जर एकेक करून काढा. पुष्कळ निर्दोष रेडिओ या एका कारणाने नाहक उघडले जातात.

व्हॉल्व्हांबद्दल नवशिक्यांच्या मनात मोठी धास्ती असते. डोळ्यांना दिसतो तो व्हॉल्व्हच, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत त्याच क्रमांकाचा व्हॉल्व्ह शोधत माणूस हिंडतो. प्रत्यक्षात रेडिओतले लहान व्हॉल्व्ह फार टिकाऊ असतात. आधी त्यांच्या पिना आणि सॉकेट स्वच्छ करा, भोवतालची व्होल्टेज मोजा, मग गरज उरली तरच नवा व्हॉल्व्ह आणा. गळक्या कंडेन्सरसमोर बसवलेला नवा ईएल ८४ सुद्धा जुन्याच्याच वाटेने जातो.

आणि मधल्या ट्रान्सफॉर्मरांचे ट्रिमर? त्यांना सर्वांत शेवटी हात लावावा, तोही सिग्नल जनरेटर जवळ असेल तर. कारखान्यात एकदा नीट लावलेले ट्रिमर सहसा आपणहून फारसे हलत नाहीत, त्यांना हलवतो तो उतावळा हात. तबकडीवरच्या शहरांच्या नावांशी स्टेशन जुळत नाही म्हणून बरेच जण ते फिरवतात, तेव्हा इतिहासातली एक तारीख लक्षात ठेवावी. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडे मध्यम लहरींची वाटणी नऊ किलोहर्ट्झच्या पायरीने नव्याने झाली. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ त्याच पायरीवरचे आहे. तबकडीवर ते ३७९ मीटरच्या जवळ शोधावे, ‘पूना’ या अक्षरांखाली शोधू नये. १९७८ आधीच्या तबकडीवरची शहरे जुन्या वाटणीची आहेत आणि ती न जुळणे हा दोष नाही.

पहिला रेडिओ निवडताना ट्रान्सफॉर्मरवाला, पाच व्हॉल्व्हांचा, मूळ स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असलेला, आणि वाईट का होईना पण वाजणारा असा घ्या. आत कुणी आधी काय काय बदलले आहे ते पाहून ठेवा. एका वेळी एकच भाग बदला आणि दर वेळी पुन्हा ऐका, म्हणजे कोणत्या बदलाने काय सुधारले ते कळत जाते. काढलेले मूळ भाग टाकून देऊ नका, पाकिटात घालून खोक्याच्या आत ठेवा, पुढच्या माणसाला त्यांची मापे लागतील. आणि अगदी सुरुवातीला, पाठीमागचे पुठ्ठ्याचे झाकण काढण्याआधी, त्या रेडिओवर आधी बातम्या आणि मग गाणे लावून काय ऐकू आले ते तुमच्या स्वतःच्या शब्दांत एका कागदावर लिहा. पहिले प्रकरण त्या कागदावरूनच पुढे जाते.